मुलांच्या सर्चला कुलूप: फोनवर नाही, राउटरवर

मुलांच्या ब्राउझरमध्ये सेफसर्च (अश्लील निकाल गाळणारी गूगलची सोय) चालू करून ठेवलं, तरी इन्कॉग्निटो (खासगी) विंडो उघडली किंवा दुसरं ब्राउझर घेतलं की ते लागू होईलच असं नाही. म्हणून एक पायरी वर जा.

१. वाय-फाय राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) रकाना शोधा. आधीचे आकडे लिहून ठेवा.
२. तिथे १.१.१.३ आणि दुसऱ्या जागी १.०.०.३ भरा. ही क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची मोफत कौटुंबिक डीएनएस सेवा. अश्लील आणि व्हायरस पसरवणाऱ्या साइट्स घरच्या वाय-फायवरच्या जवळपास सगळ्याच उपकरणांवर बंद होतात, टीव्हीवरसुद्धा.
३. मुलांच्या ब्राउझरचं होमपेज 'सेफ डॉट डकडकगो डॉट कॉम' ठेवा. हे डकडकगो या सर्च इंजिनचं सुरक्षित पान. इथे गाळणी कायम कडक असते, सेटिंगमधून सैल करता येत नाही.

खास मुलांसाठीची सर्च इंजिनंही मिळतात, पण शाळेचा प्रकल्प आला की ती अपुरी पडतात, आणि मोठी मुलं तर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तेरा वर्षांखालच्या मुलाचं खातं गूगल फॅमिली लिंकवर (पालकांना मुलाच्या खात्यावर लक्ष ठेवू देणारं ॲप) असेल, तर सेफसर्च आधीच चालू असतं.

एक लक्षात ठेवा: राउटरचं कुलूप मोबाइल डेटावर चालत नाही. सिमकार्ड असलेल्या फोनमध्ये डीएनएस वेगळा बदलावा लागतो.