बुद्रुकपासून पर्सेपोलिसपर्यंत: नववीला प्राचीन इराण शिकवण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी स्लाइड्स कमी करा. प्राचीन इराणवर जोडतास घ्यायचा ठरला की आपण चित्रं गोळा करत सुटतो: सुसा, पसर्गाद, पर्सेपोलिस, नक्श-ए-रुस्तम, सासानी राजांची चांदीची ताटं. ऐंशी मिनिटांत पन्नास चित्रं सरकवली की मुलांच्या डोक्यात फक्त खांब उरतात. दोन शिल्पं, मूठभर शब्द आणि थोडी शाडूची माती एवढ्यावर हा विषय छान उभा राहतो, हा माझा अनुभव आहे. पुढची सगळी तयारी त्याच बेताची.

आठवडाभर आधी एक फोटो मिळवून ठेवा, तोही इराणचा नाही, तर ‘वडगाव बुद्रुक’ किंवा कुठल्याही बुद्रुक गावाच्या पाटीचा. बुद्रुक म्हणजे मोठं आणि खुर्द म्हणजे लहान, हे निम्म्या वर्गाला माहीत असतं. बुद्रुक आला फारसी ‘बुजुर्ग’वरून. बुजुर्गचा माग काढत गेलं की प्राचीन फारसीतला ‘वझ्रक’ हा शब्द लागतो. पश्चिम इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर कोरलेल्या तीन भाषांतल्या लेखात दार्युश (डरायस) राजा स्वतःची ओळख सांगतो ती अशी: ‘अदम् दारयवउश ख्शायथिय वझ्रक’, म्हणजे ‘मी दार्युश, मोठा राजा’. हे वाक्य फळ्यावर ठळक लिहा आणि जरा गप्प बसा. संस्कृत घेतलेली मुलं अदम् आणि अहम् यांची जोडी स्वतःहून लावतात. दारयवउशमधला ‘धारयति’ कुणीतरी ओळखतोच. ख्शायथिय झिजून ‘शाह’ झाला, हे मात्र तुम्हाला सांगावं लागेल. इथे फळ्याचे दोन भाग करून ठेवा. अहम् आणि अदम् या बहिणी आहेत, एकाच जुन्या घरातल्या. बुद्रुक आणि फर्मान हे पुष्कळ नंतर, सुलतानांच्या काळात फारसीतून मराठीत आलेले पाहुणे आहेत. फडणवीस, चिटणीस यांतला ‘नवीस’ म्हणजे लिहिणाराही त्यांच्यातलाच. हा फरक पहिल्याच दिवशी स्पष्ट झाला नाही, तर मुलं पुढे वर्षभर प्रत्येक फारसी शब्द संस्कृतातून काढत बसतात.

कालरेषेसाठी दोन मीटर सुतळी आणि कपड्यांचे चिमटे पुरतात. शंभर वर्षांना दहा सेंटिमीटर धरा. एका टोकाला चोघा झंबीलचं एलामी (नैऋत्य इराणातल्या जुन्या एलाम राज्याचं) मंदिर, साधारण इ.स.पू. १२५०, दुसऱ्या टोकाला सासानी या इस्लामपूर्व इराणातल्या शेवटच्या राजघराण्याच्या सत्तेचा शेवट, इ.स. ६५१. सायरसच्या उदयापासून, म्हणजे इ.स.पू. ५५०च्या सुमारापासून, अलेक्झांडरने इ.स.पू. ३३०मध्ये पर्सेपोलिस जाळलं तिथपर्यंतचं हखामनी साम्राज्य या सुतळीवर जेमतेम बावीस सेंटिमीटर भरतं. अशोकाचा चिमटाही लावा. तो अलेक्झांडरनंतर येतो, याचं मुलांना दरवेळी नवल वाटतं. नकाशा साधा बाह्यरेखेचा चालेल, फक्त त्यात सिंधूपासून नाईलपर्यंतचा प्रदेश मावायला हवा.

आता मुख्य शिल्प. पर्सेपोलिसच्या अपादान या, दार्युशने बांधायला घेतलेल्या दरबारी सभागृहाच्या पूर्वेकडच्या जिन्याचे मोठे, स्वच्छ फोटो छापून घ्या, चार मुलांत एक. हा जिना १९३२मध्ये हर्त्झफेल्डच्या उत्खननात ढिगाऱ्याखालून निघाला, म्हणूनच त्यावरचं कोरीवकाम इतकं टवटवीत आहे. साम्राज्यातल्या तेवीस लोकसमूहांचे प्रतिनिधी राजाकडे भेटी घेऊन चालले आहेत, मधेमधे सुरूची (सायप्रसची) झाडं कोरली आहेत. त्यातले हिंदुश प्रांताचे, म्हणजे सिंधूकाठचे लोक कोणते, हे आधी सांगू नका. शोधू द्या. उघड्या अंगाचा, कमरेला वस्त्र गुंडाळलेला एक माणूस खांद्यावर कावड घेऊन निघालाय. ‘बाई, कावड!’ अशी हाक कुठल्या ना कुठल्या गटातून येतेच. त्या क्षणी अडीच हजार वर्षं आणि हजारो किलोमीटर आडवे येत नाहीत. मग विचारा, कावडीत काय असेल? शिल्पात ते दिसत नाही. भारताकडून ३६० टॅलंट (वजनाचं जुनं माप) सोन्याची धूळ खंडणी म्हणून येई, असं हेरोडोटस लिहितो, त्यावरून बरेच अभ्यासक त्यात सोन्याची धूळ मानतात. डोळ्यांना दिसलं ते एका रंगाच्या खडूने आणि अंदाज दुसऱ्या रंगाने लिहा. पुरातत्त्व शिकवायचं म्हणजे मुख्यतः हेच शिकवायचं, असं मला वाटतं.

प्रत्येक गटाच्या म्होरक्याचा हात दरबारातल्या माणसाने धरलेला आहे, तिकडे बोट दाखवायला विसरू नका. इथे कुणी वाकलेलं नाही, कुणी बांधलेलं नाही. त्याच्या शेजारी बेहिस्तूनचा फोटो ठेवा. तोच दार्युश, पण पायाखाली गौमात नावाचा, दार्युशच्या मते तोतया राजा आणि समोर गळ्यांत दोर अडकवलेले नऊ बंडखोर. शेवटचा, उंच टोकदार टोपीचा स्कुंख नंतर वाढवलेला आहे. त्याला जागा करायला आधी कोरलेला एलामी मजकूर छाटावा लागला. एकच राजा दोन ठिकाणी स्वतःला असा वेगवेगळा का दाखवतो? यावर वर्गात बोलायला पंधरा मिनिटं राखून ठेवा. घाई करायची झाली तर दुसरीकडे करा.

बेहिस्तूनला असाल तेव्हा रॉलिन्सनची गोष्ट सांगा. १८२७मध्ये कंपनीच्या नोकरीसाठी मुंबईत उतरलेला हा तरुण हिंदुस्थानातच फारसी शिकला. १८३५पासून तो त्या कड्यावर चढून लेख उतरवू लागला. बाबिली भाषेतला भाग मात्र त्याच्याही आवाक्याबाहेर होता. तिथे एक कुर्दी मुलगा खडकाच्या फटीत लाकडी मेख ठोकून दोराने लोंबकळत पोचला आणि ओल्या कागदावर अक्षरांचे ठसे घेऊन आला. त्या मुलाचं नाव रॉलिन्सनने लिहून ठेवलं नाही. माझ्या वर्गातली मुलं या गोष्टीवर फार गप्प होतात.

मातीचा तास स्वतंत्र ठेवा. शाडू आदल्या रात्री भिजवून तळहाताएवढे गोळे करा. आइस्क्रीमच्या काड्यांचं टोक चौकोनी कापलं की खिळ्यासारखी अक्षरं दाबता येतात. प्राचीन फारसीची ध्वनिचिन्हं जेमतेम ३६ आहेत, त्यामुळे प्रत्येकाला आपलं नाव उमटवता येतं. त्याच वेळी पर्सेपोलिसच्या तटबंदीत १९३३मध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांबद्दल सांगा. त्या हजारोंनी आहेत, बहुतेक एलामी भाषेत, इ.स.पू. ५०९ ते ४९३मधल्या. त्यांत पराक्रम नाही. आहेत धान्य, दारू आणि मजुरांचा शिधा. बाळंतिणींना जादा शिधा मिळे, आणि मुलगा झालेल्या आईला मुलगी झालेल्या आईच्या दुप्पट. मुली चिडतात. चिडू द्या, त्या पाट्यांतली माणसं त्यामुळे खरी होतात.

थोडी सावधगिरीही हवी. वर्गात पारशी मूल असेल तर त्याला इराणचा प्रतिनिधी म्हणून उभं करू नका. स्वतःहून बोललं तर मन लावून ऐका. मुंबईत सहल नेणार असाल तर फोर्टातल्या अग्यारीच्या दारावरचे माणसाच्या तोंडाचे पंखवाले बैल रस्त्यावरून दाखवता येतात. मूळ बैल दार्युशचा मुलगा झर्क्सीस याच्या पर्सेपोलिसमधल्या दाराशी आहेत. आत बिगरपारशांना प्रवेश नसतो, हे मुलांना आधीच नीट समजावा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातलं ‘इराणी वकिलातीचं चित्र’ कुणीतरी काढेलच. ते चालुक्य राजा पुलकेशीच्या दरबाराचं आहे, हे जुनं मत आता बहुतेकांना मान्य नाही. तेही अंदाजाच्या रंगात लिहा.

शेवटी पूर्वेकडच्या जिन्याची फक्त बाह्यरेखा असलेली एकेक प्रत आणि रंगीत पेन्सिली घरी द्या. ही शिल्पं मुळात रंगवलेली होती. निळ्या, लाल, हिरव्या रंगाच्या खुणा पर्सेपोलिसच्या दगडांवर मिळाल्या आहेत. कावडीवाल्याचं वस्त्र कुठल्या रंगाचं करायचं, ते मुलांनी ठरवावं आणि का ठरवलं, ते कागदाच्या मागे दोन ओळींत लिहून आणावं.