इलेक्ट्रिक पिकअप की एसयूव्ही? अमेरिकेतल्या मराठी घराने गाडी कशी निवडावी

गाडी घ्यायची ठरलं की घरात दोन तट पडतात, तसे आमच्याकडेही पडले. नवऱ्याला पिकअप हवी होती. तो ढोल-ताशा पथकात आहे, आणि गणपतीच्या आसपासच्या शनिवार-रविवारी ढोल कुणाच्या गाडीतून न्यायचे हा प्रश्न दर वर्षी उभा राहतो. मला तीन रांगांची एसयूव्ही हवी होती, कारण उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून येतात आणि मग आम्ही चाराचे सहा होतो. गाडी इलेक्ट्रिक घ्यायची यावर मात्र दोघांचं एकमत होतं. आम्ही न्यू जर्सीत राहतो, रोजचं येणं-जाणं चाळीसेक मैलांचं आहे आणि घराला गॅरेज आहे. गाडी घेईपर्यंत तीन महिने गेले. त्या काळात जे मोजलं, तपासलं आणि विचारलं, ते इथे क्रमाने देते.

पायरी १: चार आठवडे वही ठेवा

शोरूममध्ये जाण्याआधी हे करा. आत्ताच्या गाडीत एक छोटी वही ठेवा आणि प्रत्येक फेरीला तीनच गोष्टी लिहा: माणसं किती, सामान काय, मैल किती. आमच्या वहीत चार आठवड्यांत पाचपेक्षा जास्त माणसांच्या अकरा फेऱ्या निघाल्या, कारण तेव्हा आई-बाबा इथेच होते. बंद डिकीत मावणार नाही असं सामान दोनदा निघालं. एकदा पथकाचे ढोल, एकदा मागच्या अंगणासाठी माती आणि लाकडी फळ्या. कॉस्टकोची फेरी, तांदळाची पोती, मंडळाच्या कार्यक्रमाला नेलेली मिसळीची पातेली, हे सगळं साध्या डिकीत बसलं होतं.

ही वही फार प्रामाणिक असते. "आपल्याला पिकअप लागतेच" असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा वर्षातल्या चार दिवसांबद्दल बोलत असतो. तुमच्या वहीत मात्र दर आठवड्याला मोठं सामान निघालं, तुम्ही घराचं काम स्वतः करणारे असाल, शेत किंवा घोडे असतील, केटरिंगचा जोडधंदा असेल, तर पिकअपचा विचार मनापासून करा.

पायरी २: सीट मोजू नका, माणसं बसवून बघा

फोर्ड एफ-१५० लाइटनिंग, रिव्हियन आर१टी, टेस्लाचा सायबरट्रक, या तिन्ही पिकअप पाच माणसांच्या. सहाव्याला जागाच नाही. मागच्या उघड्या हौद्यात माणूस बसवण्याचा विचारसुद्धा करू नका. गावाकडे टेम्पोत बसून लग्नाला गेलो असू, पण इथे हायवेवर ते जिवावर बेतेल. त्यामुळे घरात वर्षातून काही महिने सहावा माणूस असेल, तर पिकअप म्हणजे दर फेरीला दोन गाड्या काढणं.

एसयूव्हीतही नुसतं "सात सीट" वाचून भुलू नका. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी जमिनीखाली पसरलेली असते, त्यामुळे आतली जमीन वर येते आणि तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याचे गुडघे छातीकडे येतात. मोठ्या माणसाला तिथे पंधरा मिनिटं बसवा, नुसतं आत-बाहेर करायला लावू नका. किया ईव्ही९मध्ये माझा साडेपाच फुटी भाऊ मागे बसला. दहा मिनिटांनी त्याने विचारलं, "पुढची सीट थोडी सरकव ना." सरकवल्यावर ठीक झालं. पण मग मधल्या रांगेतल्या बाबांचे पाय आखडले. हे शोरूममध्येच कळलं ते बरं झालं.

आता चढण्या-उतरण्याचं. मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो आणि गाडीच्या माहितीपत्रकात तो कुठेच नसतो. आई साडी नेसते आणि तिचा उजवा गुडघा दुखतो. पिकअपच्या दाराशी ती उभी राहिली, एका हाताने निऱ्या धरल्या, दुसऱ्या हाताने वरची मूठ शोधली, डावा पाय पायरीवर ठेवला आणि तिथेच थांबली. उजवा पाय वर येईना. विक्रेता मदतीला धावला, पण रोज कोण धावणार? नंतर ईव्ही९मध्ये ती मागे सरकून आधी बसली आणि मग पाय आत घेतले. रिव्हियनच्या गाड्यांना हवेचं सस्पेन्शन आहे, त्यामुळे गाडी उभी असताना खाली बसवता येते. आईवडील येणार असतील तर त्यांनाच घेऊन जा. आणि त्यांना रोजच्या कपड्यांत न्या, सणाच्या नको.

लहान मुलं असतील तर कार सीट सोबत न्या आणि स्वतः बसवून बघा. पाळणाघरातून आणलेलं मूल रडत असताना जे जमेल तेच खरं. पिकअपची मागची सीट रुंद असते, पुढे जागाही भरपूर, त्यामुळे मागे तोंड करून बसवायची सीट तिथे छान बसते. मात्र बऱ्याच पिकअपमध्ये वरचा पट्टा अडकवायची जागा पाठीमागच्या भिंतीला असते, आणि तो पट्टा एका वळ्यातून ओवून शेजारच्या वळ्यात अडकवावा लागतो. गाडीचं पुस्तक उघडून तसाच बसवा. एसयूव्हीत तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट पुढे सरकावी लागते. तिच्यावर कार सीट बांधलेली असेल तर वाट बंद होते. दोन मुलं असतील तर मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या असलेली सहा सीटची गाडी घ्या, मधून जाता येतं.

पायरी ३: सामान कुठे जाणार ते ठरवा

हौदा उघडा असतो. पाऊस, बर्फ, चोरी, तिन्हींचा विचार करा. झाकण घेतलंत तर उंच वस्तू जात नाहीत. ढोलाची पानं भिजली तर आवाज बसतो, म्हणून पथकातली मंडळी ताडपत्री सोबत ठेवतात. किराणा उघड्या हौद्यात ठेवला तर पहिल्याच वळणावर पिशव्या घरंगळतात. इलेक्ट्रिक पिकअपची एक गोष्ट मात्र मला खरंच आवडली. इंजिन नसल्यामुळे पुढच्या बॉनेटखाली बंद डिकी मिळते. लाइटनिंगमध्ये ती १४ घनफुटांची आहे, ४०० पौंड पेलते आणि तिला पाणी जायला बूचही आहे. आठवड्याचा किराणा आरामात जातो.

रिव्हियनचं उदाहरण निवड करायला फार उपयोगी पडतं, कारण आर१टी आणि आर१एस या एकाच साच्यातल्या गाड्या आहेत. दोन्ही इलिनॉयमधल्या नॉर्मल या गावी बनतात. एकीला साडेचार फुटांचा हौदा, दुसरीला तिसरी रांग. पिकअप ११,००० पौंड ओढते, एसयूव्ही ७,७०० पौंड. लांबीत पिकअप सोळा इंच जास्त. म्हणजे नेमकं काय देऊन काय मिळतं, ते या दोघींना शेजारी उभं केलं की दिसतं.

आणि कोणतीही गाडी असो, ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा स्टिकर वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जायचं नाही, तो आकडा तिथे छापलेला असतो. सात माणसं आणि सात बॅगा घेऊन विमानतळावर निघालात तर एसयूव्ही त्या आकड्याच्या जवळ जाऊन पोचते.

पायरी ४: टेप घेऊन गॅरेजमध्ये जा

लाइटनिंग जवळपास साडेएकोणीस फूट लांब आहे. अनेक गॅरेजं वीस फूट खोल असतात, आणि त्यात कपाटं, सायकली, गणपतीच्या मखराचे भाग. आरसे उघडे असताना ती सुमारे ८ फूट रुंद होते आणि आमच्या गॅरेजचं दार नेमकं ८ फुटी. आरसे मिटून आत नेता येईल, पण रोज रात्री हे करायचं का? ईव्ही९ आणि आर१एस साडेसोळा-सतरा फुटांत येतात. घरमालकांच्या संघटनेची नियमावलीही वाचा, काही वसाहतींत पिकअप रात्रभर बाहेर उभी करायला मनाई असते. कॅलिफोर्नियात पिकअपची नोंदणी व्यावसायिक वाहन म्हणून होते, हेही तिकडच्यांनी आधी जाणून घ्यावं.

त्याच फेरीत विजेचा पॅनल बघून घ्या. जुन्या घरांत तो १०० अँपियरचा असतो. ५० अँपियरच्या ब्रेकरवर गाडीला सलग ४० अँपियर देता येतात, म्हणजे ताशी ९.६ युनिट. रात्री दहा तास लावली तर ९० युनिटच्या वर. एसयूव्ही जवळपास पूर्ण भरते. लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटची, तिला रिकामी असल्यास दीड रात्र लागेल. रोज चाळीस मैल चालवणाऱ्याला याने फरक पडत नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच काम करून घ्या आणि गावाचा परमिट काढा.

पायरी ५: नायगाराचा हिशेब मांडा

आईवडील आले की नायगारा होतोच. आमच्याकडून तो ४०० मैलांच्या आसपास आहे. ईव्ही९ची मागच्या चाकांवर चालणारी मोठ्या बॅटरीची गाडी सरकारी चाचणीत ३०४ मैल जाते, लाइटनिंगची मोठी बॅटरी ३२० मैल. पण वाटेत आपण १० ते ८० टक्केच भरतो, कारण त्यापुढे चार्जिंग मंदावतं. म्हणजे दोन थांब्यांमध्ये उन्हाळ्यात २१० मैल धरा, आणि थंडीत मी पाव हिस्सा कमी धरते. उन्हाळ्यात एक-दोन थांबे, थंडीत दोन-तीन.

थांब्यावर किती वेळ जातो हेही बघा. वेगवान चार्जरवर ईव्ही९ पंचवीसेक मिनिटांत ८० टक्क्यांवर जाते, लाइटनिंगला चाळीस मिनिटं लागतात. टेस्लाच्या बहुतेक सुपरचार्जरवर मात्र ईव्ही९ सावकाश भरते, कारण तिची यंत्रणा जास्त व्होल्टची आहे. डबा खायला, बाबांना पाय मोकळे करायला पंचवीस मिनिटं छान पुरतात. चाळीस मिनिटांत मुलं कंटाळतात.

मागे मोठा ट्रेलर लावला तर दोन्ही गाड्यांची रेंज जवळपास निम्मी होते. वारा अडवणारी उंच भिंत ओढत नेण्यासारखं ते असतं. शिवाय बऱ्याच चार्जरसमोर ट्रेलरसकट उभं राहता येत नाही, तो सोडून ठेवावा लागतो. वर्षातून चार-पाचदा कॅम्पर ओढून शेकडो मैल जाणाऱ्या घराला मी आज यातली कोणतीच इलेक्ट्रिक गाडी सुचवणार नाही.

पायरी ६: वीज जाते का, हे स्वतःला विचारा

ह्यूस्टनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीसाठी हीच पायरी निर्णायक ठरली. फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात टेक्सास गारठलं. जुलै २०२४मध्ये बेरिल चक्रीवादळ आलं आणि लाखो घरं भर उन्हाळ्यात दिवसेंदिवस विजेशिवाय राहिली. तिच्या सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. लाइटनिंगच्या हौद्यातल्या, पुढच्या डिकीतल्या आणि आतल्या प्लगमधून मिळून ९.६ किलोवॅटपर्यंत वीज काढता येते. फ्रीज, पंखे, एखादी खिडकीतली एसी सहज चालते. अमेरिकन घर दिवसाला साधारण ३० युनिट वापरतं, तेव्हा १३१ युनिटची बॅटरी काटकसरीने तीन-चार दिवस पुरते. ईव्ही९मधूनही वीज मिळते, पण अडॅप्टर लावून दोन किलोवॅटच्या आत. तिने पिकअप घेतली आणि योग्यच केलं.

पायरी ७: पैसे

७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत ३० सप्टेंबर २०२५ला संपली, जुन्या गाड्यांवरचीही गेली. न्यू जर्सीची विक्रीकर माफी १ जुलै २०२५पासून बंद झाली आणि इलेक्ट्रिक गाडीचं वार्षिक शुल्क सुरू झालं आहे. नव्या गाडीला चार वर्षांचं एकदम भरावं लागतं, म्हणजे हजार डॉलरच्या वर. तुमच्या राज्याचं बघून घ्या.

विजेचा फरक वाटतो तेवढा नाही. १०० मैलांना लाइटनिंग ४८ युनिटच्या आसपास खाते, ईव्ही९ साधारण ३८. वर्षाला १२,००० मैल धरले तर १,२०० युनिट जास्त, २० सेंट दराने २४० डॉलर. टायर आणि विमा याहून जास्त घेऊ शकतात, म्हणून सही करण्याआधी दोन्ही गाड्यांचा विम्याचा आकडा मागवा.

फोर्डने डिसेंबर २०२५मध्ये पूर्ण इलेक्ट्रिक लाइटनिंगचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे ती घ्यायची तर शिल्लक साठ्यातली किंवा वापरलेली. बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १ लाख मैल असते, त्यातली किती उरली ते कागदावर बघा.

पायरी ८: दोन दिवस भाड्याने आणा

शोरूमची वीस मिनिटांची फेरी पुरत नाही. शुक्रवारी गाडी आणा, शनिवारी मुलांचे क्लास, मंदिर, किराणा, सगळं तिच्यातून करा. अरुंद पार्किंगमध्ये लावा, रात्री घरी चार्जिंगला लावा. आम्ही पिकअप अशी आणली होती. मंदिराच्या पार्किंगमध्ये ती रेषेबाहेर दीड फूट राहिली, आणि नवरा स्वतःहून म्हणाला, "ढोलांचं बघू आपण."

आम्ही सहा सीटची एसयूव्ही घेतली, मागे ट्रेलर जोडायचा आकडा (हिच) बसवून. पथकाच्या दिवशी सकाळी तो भाड्याची पिकअप आणतो. दिवसाचं मूळ भाडं वीस डॉलरच्या आसपास, वर मैलांचे पैसे. ताडपत्री घरचीच. आई मधल्या रांगेत उजवीकडच्या खुर्चीत बसते. आधी बसते, मग निऱ्या सावरून पाय आत घेते.