वावरातून जगाचा कानोसा : शॉर्टवेव्ह ऐकण्याचा छंद कसा सुरू करावा

दूरदेशीची केंद्रे ज्या रेडिओलहरींवर ऐकू येतात ती शॉर्टवेव्ह संपली, असे सांगणारे बरेच भेटतात. त्यांचे निम्मे खरे आहे. रेडिओ नेदरलँड्सने २०१२ मध्ये शॉर्टवेव्ह सोडली, रेडिओ ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ ला. आपल्याकडे कितीतरी ओसऱ्यांवर संध्याकाळच्या बातम्यांसाठी जी बीबीसी हिंदी लागायची, तिची शॉर्टवेव्हही ३१ जानेवारी २०२० ला थांबली. पण शॉर्टवेव्हचे पट्टे, म्हणजे केंद्रांसाठी ठरलेले भाग, रिकामे पडलेले नाहीत. चीन, व्हिएतनाम, उत्तर कोरिया, तुर्कस्तान, रोमानिया, स्पेन या देशांची केंद्रे बोलत आहेत. बीबीसीची इंग्रजी वर्ल्ड सर्व्हिसही आहे. शहरातल्या माणसाला यातले काही ऐकू येत नाही, कारण त्याच्या घरातल्या आणि शेजारच्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट त्या आवाजांवर बसलेला असतो.

इथे खेड्याची बाजू वरचढ आहे. चांगला रेडिओ विकत मिळतो, तार विकत मिळते, पण गोंगाट नसलेली जागा विकत मिळत नाही. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडच्या गावात राहणाऱ्याला ती घराबाहेर पडून दहा मिनिटे चालले की सापडते. म्हणून मला मनापासून वाटते, हा छंद आज खरा विदर्भातल्या खेड्यांचाच आहे.

रेडिओ कोणता घ्यावा

घरात जुना फिलिप्स किंवा मर्फी चालू स्थितीत असेल तर सुरुवात त्यावरच करा. अडचण एकच येते. काटा ३१ मीटरच्या पट्ट्यावर आहे एवढे दिसते, नेमकी फ्रिक्वेन्सी, म्हणजे स्टेशनचा किलोहर्ट्झमधला आकडा, कळत नाही. स्टेशन ओळखायला आणि नंतर नोंद ठेवायला ती लागते. म्हणून पुढे आकडे दाखवणारा डिजिटल रेडिओ घ्यावा. टेकसन पीएल-३३० किंवा एक्सएचडेटा डी-८०८ हे लहान संच त्यासाठी पुरेसे आहेत. दोन्हींत एसएसबी या वेगळ्या प्रकारच्या प्रक्षेपणाची सोय आहे, त्यामुळे हॅम मंडळींचे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने रेडिओवरून आपसांत बोलणाऱ्यांचे, बोलणेही ऐकता येते. भजनाच्या पेनड्राइव्हसोबत बाजारात मिळणाऱ्या रेडिओवर एसडब्ल्यू (शॉर्टवेव्ह) लिहिलेले असते, पण तो बहुधा एका जागी ठरत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

रेडिओ सेलवर किंवा त्याच्या बॅटरीवरच चालवा. चार्जर लावून ऐकायला बसलात तर गोंगाटाचे यंत्र स्वतःच रेडिओला जोडल्यासारखे होते.

परवान्याची काळजी नको. सर्वांसाठी केलेली प्रसारणे ऐकायला आज परवाना लागत नाही. परवाना लागतो तो प्रक्षेपण करायला, म्हणजे हॅम व्हायचे असेल तेव्हा. पोलीस किंवा लष्कराची बोलणी शोधत बसणे या छंदात येत नाही. त्या वाटेला जाऊच नये.

आधी गोंगाट शोधा

नवखे लोक ही पायरी गाळतात आणि मग रेडिओला दोष देतात. संध्याकाळी रेडिओ ९,५०० किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे स्टेशन नाही अशा जागी लावा. आता घराचा मेन स्विच बंद करा. खरखर एकदम खाली बसली, तर चोर घरातच आहे. मेन चालू करून एकेक वस्तू लावत जा. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर. स्वस्त एलईडी बल्ब आणि बिनकंपनीचे चार्जर यांच्यावर माझा पहिला संशय असतो. कोणती वस्तू त्रास देते ते कळले की ऐकण्याच्या वेळेपुरती ती बंद ठेवायची, एवढाच उपाय.

मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली, तर ती बाहेरून येते आहे. रेडिओ हातात घेऊन गल्लीतून चाला. डीपी किंवा खांबाजवळ ती वाढते का पाहा. दिवसा सौरपंपाचा कंट्रोलरही आवाज करतो, सूर्य मावळला की तो गप्प होतो. आणि लाईन गेली की रडत बसू नका. गावाची लाईन गेलेली असते तेव्हा शॉर्टवेव्ह जितकी स्वच्छ लागते तितकी एरवी कधीच लागत नाही. लोडशेडिंगचे वेळापत्रक ठाऊक असेल तर ऐकण्याची वेळ त्यालाच जोडून घ्या.

आपल्याकडचा आणखी एक खास आवाज आहे, झटका मशीनचा. रानडुकरं आणि रोही यांच्यासाठी धुऱ्यावर लावलेल्या तारेत साधारण दर सेकंदाला एक झटका जातो आणि रेडिओवर तो ‘टक्... टक्...’ असा ऐकू येतो. तारेला गवत किंवा पऱ्हाटी टेकलेली असेल तर ठिणगी उडून तो आवाज वाढतो. कुंपण साफ ठेवले की झटकाही नीट बसतो आणि रेडिओही शांत राहतो. शेजाऱ्याची मशीन असेल तर त्याला सांगून पाहा, फायदा त्याचाही आहे.

तार कशी टाकावी

रेडिओच्या दांडीवर जवळची, ताकदवान स्टेशने लागतील. दूरची हवी असतील तर बाहेर तार टाकावी लागते. तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचे दुकान असतेच. तिथे सबमर्सिबल मोटारीची प्लास्टिकचे वेष्टण असलेली तांब्याची तार मागा. ती पाण्यापावसाला दाद देत नाही. दहा ते पंधरा मीटर पुरे. एक टोक घराच्या आढ्याजवळ, दुसरे अंगणातल्या किंवा गोठ्यामागच्या निंबाला. उंची चार-पाच मीटर मिळाली तरी काम भागते. तार झाडाला सरळ बांधू नका. मध्ये झटका मशीनच्या कुंपणाला लावतात तसले इन्सुलेटर घाला, कृषी केंद्रात मिळतात. त्यापुढे नायलॉनची दोरी. दोरी थोडी सैल ठेवा, कारण वारा झाड हलवतो आणि वानरं त्या तारेवर लोंबकळल्याशिवाय राहत नाहीत.

घराकडच्या टोकाचे वेष्टण खरवडून ते मगरचिमट्याने रेडिओच्या दांडीला जोडा. बाहेरच्या अँटेनासाठी वेगळे छिद्र असेल तर तिथे. तार जोडल्यावर एकच स्टेशन पट्टाभर सगळीकडे ऐकू यायला लागले, तर रेडिओला तेवढा जोर पेलत नाही असे समजा. मग येणारा जोर कमी-जास्त करणारे डीएक्स-लोकल बटण लोकलवर करा, किंवा तार न जोडता दांडीभोवती तिचे चार वेढे द्या.

दोन गोष्टींत मात्र जराही ढिलाई नको. महावितरणच्या कोणत्याही तारेच्या वरून, खालून किंवा जवळून अँटेना नेऊ नका. तुटून पडली तर ती विजेच्या तारेला लागणार नाही एवढे अंतर हवे. आणि आभाळ येताना दिसले की तार रेडिओवरून काढून घराबाहेर टाका. आपल्याकडे एप्रिल-मेमधल्या अवकाळीत आणि मृगाच्या तोंडाला वीज पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. गडगडाट ऐकू येईपर्यंत थांबू नका. रेडिओवर ‘कडाड’ असे तुटक आवाज वाढायला लागणे हीच पहिली सूचना असते. तेव्हाच उठा.

तार टाकायला जागा नसेल, किंवा गावात गोंगाट आवरत नसेल, तर रेडिओ आणि गुंडाळलेली तार घेऊन वावरात जा. हिवाळ्यात तुरीची नाहीतर हरभऱ्याची जागल असेल तर दुसरे काही करावेच लागत नाही. माळ्यावरून तार शेजारच्या बाभळीवर फेकायची आणि बसायचे. मोबाइलची रेंज जिथे येत नाही, तिथे शॉर्टवेव्ह सर्वांत छान लागते.

कधी, कुठे ऐकावे

एफएमचा आवाज थोड्याच किलोमीटरांवर संपतो. शॉर्टवेव्हच्या लहरी वर जातात, आयनांबर या वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या भागावरून वळून हजारो किलोमीटर पलीकडे उतरतात. हे आयनांबर सूर्याच्या हुकमात असते. दिवसा त्याचा खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळतो, रात्री तो थर विरतो. म्हणून नियम सोपा आहे. ऊन असताना वरच्या फ्रिक्वेन्सी, अंधार पडल्यावर खालच्या.

दिवसा १९ मीटर (१५,१०० ते १५,८०० किलोहर्ट्झ) आणि १६ मीटर (१७,४८० ते १७,९००) चाळा. दिवे लागणीला २५ मीटर (११,६०० ते १२,१००) आणि ३१ मीटर (९,४०० ते ९,९००) भरून येतात. नवख्याने पहिले काही दिवस फक्त ३१ मीटरवर, संध्याकाळी सात ते दहा, एवढेच ऐकावे. हात बसतो. रात्र वाढली, थंडी असली, की ४१ मीटर (७,२०० ते ७,४५०) आणि ४९ मीटर (५,९०० ते ६,२००). जुन्या रेडिओवर मीटरच लिहिलेले असतील तर ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागा. ९,६०० ने भागले की ३१.२५ मीटर येतात. स्टेशने बहुतेक पाच-पाचच्या टप्प्याने असतात, म्हणजे ९,६०० नंतर ९,६०५. त्यामुळे घाई न करता एकेक घर पाहत जाता येते.

सूर्यावरच्या डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे आहे. २०२४ च्या सुमारास ते शिखरावर होते. डाग जास्त असतात तेव्हा वरचे पट्टे जोरात चालतात. चक्र उतरत जाईल तसतसा खालच्या पट्ट्यांवर जास्त भर द्या.

तार नीट काम करते का, हे तपासायला रात्री १०,००० किलोहर्ट्झ लावून पाहा. चीनचे बीपीएम हे वेळ सांगणारे केंद्र तिथे सेकंदासेकंदाला टिकटिकते. ही टिकटिक आणि झटका मशीन यांत गल्लत होऊ शकते. फरक असा की झटका पट्टाभर ऐकू येतो, बीपीएम १०,००० वरून थोडे सरकले की नाहीसे होते.

स्टेशन ओळखणे आणि वही

सगळ्या जगाच्या वेळापत्रकांत एकच वेळ चालते, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करा. रात्री नऊ म्हणजे १५३० यूटीसी. एक जुने घड्याळ यूटीसीवर लावून रेडिओशेजारी ठेवा, डोक्यातला हिशेब वाचतो. वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. काल लागणारे स्टेशन त्या दिवसानंतर गायब झाले, तर ते बहुधा दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर गेलेले असते.

ओळख पटते ती तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या तोंडावर. कार्यक्रमाच्या आधी काही मिनिटे केंद्राची ओळखधून वाजते, मग नाव घेतले जाते. आकाशवाणीची वॉल्टर कॉफमन यांनी बांधलेली धून जशी आपण झोपेतही ओळखतो, तशी हळूहळू इतरांचीही कानाला होते. भाषा कळली नाही तरी चालते. बातम्यांत देशांची, शहरांची नावे पकडा. चायना रेडिओ इंटरनॅशनल तर शोधावे लागत नाही, ते आपोआप समोर येते. रोमानिया किंवा स्पेन लागले तर ती कमाई समजा.

ऐकलेले लगेच वहीत उतरवा. तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, काय चालले होते, आणि सिन्पो. सिन्पो म्हणजे पाच आकडे. जोर, दुसऱ्या स्टेशनची ढवळाढवळ, खरखर, आवाजाची वरखाली आणि एकूण दर्जा, या क्रमाने. प्रत्येकाला १ ते ५, पाच म्हणजे उत्तम. ४३४३३ वाचले की जाणकाराला कळते, आवाज चांगला होता पण शेजारचे स्टेशन आत येत होते आणि आवाज वरखाली होत होता. आकडे देताना प्रामाणिक राहा. केंद्राला खूश करायला ५५५५५ लिहिणारे पत्र त्यांच्या इंजिनीअरच्या काही कामाचे नसते.

अहवाल पाठवणे

किमान वीस-पंचवीस मिनिटे सलग ऐकले असेल तर केंद्राला अहवाल पाठवा. वहीतला मजकूर, कार्यक्रमातले दोन-तीन नेमके तपशील, कोणता रेडिओ, किती लांब तार, आणि जवळचे मोठे शहर किती किलोमीटरवर आहे ते. हिंदी कार्यक्रम ऐकला असेल तर हिंदीत लिहा, नाहीतर साध्या इंग्रजीत. कार्यक्रम कसा वाटला हेही दोन ओळींत सांगा. तपशील जुळले की अनेक केंद्रे क्यूएसएल कार्ड पाठवतात, म्हणजे तुम्ही खरोखर ऐकलेत याची चित्रमय पावती. काही ईमेलवर पाठवतात, काही अजून टपालाने. महिने लागू शकतात. टपालाने हवे असेल तर आपला पत्ता इंग्रजी अक्षरांत, सुटा लिहा. गावाच्या नावाखाली पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड स्पष्ट असू द्या. एकाच नावाची गावे आपल्याकडे प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि कार्ड भलत्याच पोस्टात जाऊन पडते.