नॉरअॅडचा डोस वाढवण्याआधी: आयसीयूत बेडपाशी काय पाहायचं, कसं पाहायचं

बीपी पडलं की हात आपोआप पंपाकडे जातो. नॉरअॅड्रेनलीन (नॉरअॅड, रक्तवाहिन्या आकसून बीपी चढवणारं औषध) तासाला ४.५ मिलिवर आहे, ५.५ करू, चढेल. बहुतेक वेळा चढतंही, आणि घात तिथेच होतो. बीपी ज्यामुळे पडलं ते कारण तसंच राहतं. आतून रक्तस्राव होत असेल, थ्री-वे (नळीतली तीन तोंडांची चावी) अर्धवट फिरला असेल, किंवा मॉनिटरवरचा आकडाच खोटा असेल. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी पेशंट, मग आकडा, मग नळी, आणि पंपाचं बटण सगळ्यात शेवटी. सरावाने ही चक्कर दोन मिनिटांत होते.

याला एक अपवाद आहे. एमएपी (धमनीतला सरासरी दाब, mmHg मध्ये) ५० च्या खाली असेल, पेशंट गुंगीत असेल, नाडी लागत नसेल, तर मदतीला हाक मारा, लेखी ऑर्डरच्या मर्यादेत डोस वाढवा आणि बाकीची तपासणी त्याचबरोबर चालू ठेवा. नाडी मुळीच नसेल तर सीपीआर, पंप नंतर.

ड्युटी घेताना

नॉरअॅडच्या पेशंटची ओव्हर (शिफ्ट बदलतानाची माहिती) स्टेशनवर बसून घेऊ नका. जाणारी आणि येणारी, दोघी सिस्टरनी बेडपाशी उभं राहा. सिरिंजवरचं लेबल मोठ्याने वाचा: औषध, एकूण मिलिग्रॅम, एकूण मिलि, दर मिलिमागे किती मायक्रोग्रॅम, भरल्याची वेळ, सह्या. मग पंपावरचा दर पाहा आणि डोस स्वतः काढा. आदल्या शिफ्टने लिहिलेला आकडा फक्त ताडून पाहायला वापरा.

हिशोब असा: डोस × वजन × ६० भागिले दर मिलिमधले मायक्रोग्रॅम. ६० किलोचा पेशंट, डोस ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट, ५० मिलिमध्ये ४ मिलिग्रॅम, म्हणजे दर मिलिला ८० मायक्रोग्रॅम. ०.१ × ६० × ६० = ३६०, भागिले ८०, तासाला ४.५ मिलि. तेच औषध ५० मिलिमध्ये ८ मिलिग्रॅम भरलं असेल तर याच डोसला २.२५ लागतात. एका शिफ्टमध्ये ४ ची सिरिंज, पुढच्या शिफ्टमध्ये ८ ची, आणि दर मात्र तोच; डोस दुप्पट करणारी ही चूक नुसता पंप पाहून कधीच लक्षात येत नाही. त्यामुळे युनिटमध्ये शक्यतो एकच ताकद ठेवा. दुप्पट करायचीच असेल तर डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरने, वेगळ्या रंगाच्या लेबलने आणि दोघींच्या स्वतंत्र हिशोबाने करा. स्वतंत्र म्हणजे दुसरीने पहिलीचा कागद न पाहता केलेला. "बरोबर आहे ना गं?" असं विचारून मिळालेल्या होकाराला दुहेरी तपासणी म्हणत नाहीत.

अँप्युलवरचं बारीक अक्षरही वाचा. नॉरअॅड्रेनलीन बायटार्ट्रेट २ मिलिग्रॅम म्हणजे मूळ नॉरअॅड्रेनलीन १ मिलिग्रॅम. कंपनी बदलली की एखाद्या अँप्युलवर क्षाराचा आकडा मोठा दिसतो आणि मूळ औषधाचा छोटा. डोस मूळ औषधात मोजायचा असतो. क्षाराचा आकडा धरून भरलात तर सिरिंज निम्म्याच ताकदीची होते. पेशंटला जास्त डोस लागतोय असं वाटत राहतं, आणि पुढची सिरिंज बरोबर भरली की बीपी एकदम उसळतं.

वजन कुठून आलं तेही विचारा. नातेवाइकांनी सांगितलं, अंदाजाने लिहिलं की मोजलं, हे चार्टवर असू द्या, आणि एकदा धरलेलं वजन पंपाच्या हिशोबासाठी सगळ्या शिफ्टमध्ये तेच ठेवा. सकाळी ६० आणि रात्री ७० धरलं तर डोसचा आलेख निरर्थक होतो.

आकडा खरा आहे का

आर्टरी लाइनचा (धमनीत घातलेल्या, सतत बीपी मोजणाऱ्या नळीचा) ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, हृदयाच्या पातळीवर हवा: चौथ्या बरगडीखालची फट आणि काखेची मधली रेघ जिथे भेटतात तिथे. दर १० सेंटिमीटरच्या फरकाला आकडा साधारण ७.५ ने चुकतो. बेड बदलायला, पाठ पुसायला म्हणून बेड २० सेंटिमीटर वर केला आणि ट्रान्सड्यूसर स्टँडलाच राहिला, तर तो पेशंटच्या खाली गेला. मॉनिटर एमएपी ६८ दाखवतो, खरा असतो ५३. सगळे निश्चिंत, आणि किडनी उपाशी. बेड खाली घेतला की उलटं घडतं: आकडा खोटा कमी येतो आणि विनाकारण डोस वाढतो. म्हणून बेडची उंची किंवा डोक्याकडचा कोन बदलला की प्रत्येक वेळी ट्रान्सड्यूसरची पातळी लावा. झिरो (ट्रान्सड्यूसर हवेला उघडून शून्यावर लावणं) तर ड्युटी घेताना आणि लाइन सुटून पुन्हा जोडल्यावर करायचाच.

मग प्रेशर बॅग (लाइनच्या सलाइनवर दाब देणारी पिशवी) पाहा. ३०० वर फुगलेली हवी, आणि तिच्यातली बाटली संपत आलेली नको. फास्ट फ्लश (लाइनमधून सलाइन जोरात सोडणारी कळ) एकदा ओढून सोडा: स्क्रीनवर रेघ सरळ वर जाऊन चौकोन बनते आणि सोडल्यावर एक-दोन हेलकाव्यांत स्थिरावते, तर लाइन ठीक. हेलकावा न येता रेघ आळसावून खाली आली तर बुडबुडा, गुठळी किंवा मुडपलेली नळी शोधा. अशा लाइनमध्ये सिस्टोलिक खोटं कमी आणि डायस्टोलिक खोटं जास्त येतं. एमएपी त्या मानाने कमी बिघडतो. डोस एमएपीवर ठरवायचा तो यासाठीही. बहुतेक सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गामुळे बीपी कोसळतं तेव्हा) ६५ हे सुरुवातीचं लक्ष्य धरतात, पण तुमच्या पेशंटसाठी डॉक्टरांनी काय लिहिलंय तोच आकडा पाळा.

आर्टरी लाइन नसेल आणि कफवर काम चालू असेल तर कफ योग्य मापाचा घ्या आणि ज्या हातातून नॉरअॅड चाललंय त्या हाताला कधीच बांधू नका. दर पाच मिनिटांनी कफ फुगतो, तेवढा वेळ औषध अडतं, आणि सैल झाला की साचलेलं एकदम आत जातं.

आकड्यांच्या जोडीला हात लावून पाहा. बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडा. रंग परतायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर रक्तपुरवठा अपुरा आहे. गुडघ्यांवर जाळीदार निळसर डाग, तासाला किलोमागे ०.५ मिलिपेक्षा कमी लघवी, बदललेली शुद्ध, रक्तात चढणारं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण), हे सगळं एमएपी ६७ असतानाही दिसू शकतं. तेव्हा "बीपी मेंटेन आहे" असं लिहून पुढे जाऊ नका.

नळी

सिरिंजपासून पेशंटच्या त्वचेपर्यंत नळी बोटाने चाचपत जा. नजरेने नको, बोटानेच. सिरिंजचा दट्ट्या पंपाच्या पकडीत नीट बसलाय का? पंपावर निवडलेली सिरिंजची कंपनी हातातल्या सिरिंजशी जुळते का? कंपनीनुसार नळकांड्याची जाडी वेगळी असते, त्यामुळे चुकीची निवड केली तर स्क्रीनवर ४.५ दिसतं आणि प्रत्यक्षात वेगळंच जातं. थ्री-वेची दिशा, सैल जोड, चादरीखालचा ओलसरपणा, बेडच्या रेलिंगमध्ये अडकलेलं एक्स्टेंशन, सगळं या एका फेरीत सापडतं.

नॉरअॅडला सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) स्वतंत्र लुमेन, म्हणजे वेगळी वाट, द्या. त्यातून अँटिबायोटिक नाही, सिडेशनचा बोलस (गुंगीच्या औषधाचा एकदम दिलेला डोस) नाही, सीव्हीपी (मोठ्या शिरेतल्या दाबाचं मोजमाप) नाही, "फक्त दोन मिलि फ्लश" तर अजिबात नाही. वरच्याच हिशोबात नळीतल्या १ मिलिमध्ये ८० मायक्रोग्रॅम आहेत, आणि पेशंटला मिनिटाला ६ मिळतायत. म्हणजे १ मिलि ढकलला की १३ मिनिटांचं औषध दोन सेकंदांत हृदयाकडे जातं. सिस्टोलिक २२० च्या वर जातं, मग फ्लशमागून नळीत नुसतं सलाइन राहिल्यामुळे काही मिनिटं औषधच पोहोचत नाही आणि बीपी कोसळतं. पंपाजवळ आणि पेशंटजवळ, दोन्ही टोकांना "नॉरअॅड, फ्लश करू नये" अशी चिकटपट्टी लावा. रात्री तीन वाजता मदतीला आलेल्या दुसऱ्या सिस्टरला तीच वाचवते.

ऑक्लूजनचा (नळी अडल्याचा) अलार्म वाजला की अडथळा लगेच मोकळा करू नका. अडलेल्या वेळात नळीत दाब साचलेला असतो. क्लॅम्प उघडला की तो बोलस होऊन आत जातो. आधी पंप थांबवा, पेशंटकडचा थ्री-वे बंद ठेवून सिरिंजकडचा दाब सोडा, मग अडथळा काढा आणि पुन्हा चालू करा. दर कमी असेल तर हा अलार्म वाजायला बराच वेळ लागतो, म्हणजे तो वाजेपर्यंत पेशंट औषधाविना राहिलेला असतो हेही धरून चाला. पंपाची उंची चालू असताना बदलू नका. वर उचलला की थोडं जास्त, खाली नेला की थोडं कमी जातं, आणि इतक्या कमी दरावर तेवढंही पेशंटला जाणवतं.

सिरिंज बदलणं

नॉरअॅडचा परिणाम दोन-तीन मिनिटांत ओसरतो, त्यामुळे रिकाम्या सिरिंजचा अलार्म होईपर्यंत थांबणं म्हणजे बीपी पडण्याची वाट पाहणं. किती मिलि उरले यापेक्षा किती वेळ उरला ते पाहा. ४.५ च्या दराला १० मिलि दोन तासांपेक्षा जास्त पुरतात, १३.५ च्या दराला पाऊण तासही पुरत नाहीत. एक तास उरला की पुढची सिरिंज भरून, लेबल लावून तयार हवी. ४ मिलिग्रॅमसाठी मूळ औषध २ मिलिग्रॅम असलेल्या २ मिलिच्या दोन अँप्युल, म्हणजे ४ मिलि औषध, आणि ४६ मिलि ५ टक्के डेक्स्ट्रोज. युनिटच्या प्रोटोकॉलमध्ये एनएस (नॉर्मल सलाइन) लिहिलं असेल तर ते. द्रावण गुलाबी-तपकिरी दिसलं किंवा त्यात कण असले तर टाकून द्या.

दोन पंपांची पद्धत अशी. नवी सिरिंज दुसऱ्या पंपात बसवा, नळी भरून घ्या आणि नळी पेशंटला न जोडता पंप ठरलेल्या दरावर चालवा. टोकाला थेंब स्वतःहून येईपर्यंत थांबा. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि सिरिंज बदलल्यावर बीपी पडतं ते बहुधा याचमुळे: दट्ट्या आणि पकड यांच्यातली फट भरेपर्यंत पंप फिरतो, पण औषध सरकत नाही. आता पेशंटजवळच्या मोकळ्या थ्री-वेला जोडा, दिशा तपासा, जुना पंप चालू असतानाच नवा त्याच दरावर सुरू करा. नजर मॉनिटरवर. एमएपी साधारण ५ ने वर सरकला की नवं औषध पोहोचलं. जुना पंप बंद करा. जुनी सिरिंज पंपातून काढण्याआधी तिच्याकडचा थ्री-वे बंद हवाच. नळी उघडी असताना सिरिंज पंपातून सुटली तर नुसत्या उंचीने औषध वाहत जातं. पुढची १५ मिनिटं त्या बेडपासून हलू नका, आणि हा वेळ शक्यतो शिफ्ट बदलताना किंवा पेशंट वळवताना आणू नका.

डॉक्टरांना फोन

चक्कर झाली, आकडा खरा, नळी ठीक, तरी डोस वाढवावा लागतोय. फोन करा, आणि एका दमात सगळं सांगा:

"सर, आयसीयू बेड ४. तासाभरात नॉरअॅड ०.१ वरून ०.२५ ला न्यावं लागलं, एमएपी ६१ आहे. ट्रान्सड्यूसरची पातळी आणि लाइन तपासली. हात थंड, दोन तासांत लघवी १५ मिलि, ड्रेनमध्ये २०० मिलि ताजं रक्त. मला ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही येऊन पाहा. तोवर एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवू का?"

"बीपी लो आहे सर" एवढंच सांगितलं तर "डोस वाढवा सिस्टर" एवढंच उत्तर येतं. तुमची शंका शब्दांत सांगा; पेशंटजवळ तास-तास तुम्ही असता, त्यामुळे ती शंका हीसुद्धा माहिती आहे. फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून परत वाचून दाखवा, दशांश चिन्हासकट: "शून्य पॉइंट शून्य पाच की शून्य पॉइंट पाच?" लिहिताना .५ असं नको, ०.५ लिहा, आणि ५.० नको, ५ लिहा. चिन्ह पुसट झालं की दहापट फरक पडतो.

हाताच्या शिरेतून चालू असेल तर

सेंट्रल लाइन मिळेपर्यंत थोड्या वेळासाठी कोपराच्या घडीत किंवा त्याच्या वरच्या मोठ्या शिरेतून नॉरअॅड देतात. तळहाताच्या पाठीवरची शीर त्यासाठी नको. जागा पारदर्शक पट्टीखाली उघडी ठेवा आणि निदान तासातून एकदा पाहा. सिडेशनवरचा पेशंट दुखतंय म्हणून सांगणार नाही. त्वचा पांढरी पडली, थंड लागली, फुगली तर पंप थांबवा, पण कॅन्युला (शिरेतली सुई-नळी) काढू नका आणि फ्लश करू नका. आधी औषध दुसऱ्या शिरेतून चालू करायची सोय करा, त्याच वेळी कॅन्युलातून जमेल तेवढं मागे ओढा, हात उंच ठेवा, डॉक्टरांना बोलवा. फेंटोलामाइन (आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) ५ ते १० मिलिग्रॅम १० ते १५ मिलि सलाइनमध्ये मिसळून त्या भागात टोचतात, आणि ते १२ तासांच्या आत व्हायला हवं. तुमच्या युनिटमध्ये ते आहे का, नसेल तर पर्याय काय ठरलाय, हे आजच विचारून ठेवा. पांढऱ्या भागाची कड पेनाने आखा आणि वेळ लिहा.

बंद करताना

डोस प्रोटोकॉलप्रमाणे टप्प्याटप्प्याने उतरवा, प्रत्येक टप्प्यानंतर एमएपी टिकतो का पाहा. पंप बंद झाला तरी सेंट्रल लाइनच्या त्या लुमेनमध्ये औषध भरलेलं असतं. एक्स्टेंशन काढा, लुमेनमधून रक्त दिसेपर्यंत मागे ओढून ते टाकून द्या, आणि मगच सलाइनने फ्लश करा. हे होईपर्यंत "फ्लश करू नये"ची पट्टी काढू नका.