मातारान्या ते एब्रो : स्पेनच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकलिंग करताना या चुका टाळा

स्पेनच्या ईशान्येला, आरागॉन आणि कातालुन्या यांच्या सीमेजवळ, मातारान्या नावाची छोटी नदी बेसेइतेच्या डोंगरांतून उतरते आणि पुढे एब्रोला मिळते. दोन्ही बाजूंना बदाम, ऑलिव्ह आणि द्राक्षांचे मळे. मळ्यांमधून शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरवाटा जातात आणि डोंगराच्या पोटातून बंद पडलेल्या रेल्वेचा मार्ग. ग्रॅव्हल बाइकसाठी, म्हणजे खडी-मातीच्या वाटांवर चालणाऱ्या रुंद टायरच्या सायकलसाठी, याहून सुंदर मुलूख मला माहीत नाही. पण इथे येणारे बरेच जण किलोमीटर मोजून आखणी करतात आणि तिथेच फसतात. या खोऱ्यात दिवस ठरतो तो पाणी, वारा, माती आणि गावातल्या दुकानांच्या वेळा यांवर.

उलट्या दिशेने सुरुवात

बार्सिलोनाहून रेल्वे थेट तोर्तोसाला येते, म्हणून बहुतेक जण तिथूनच सायकल सुरू करतात. पण तोर्तोसा एब्रोच्या काठावर, जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. तिथून वाल दे साफानच्या जुन्या रेल्वेमार्गाने निघालात की आर्नेसपर्यंत साधारण 49 किलोमीटर चढच चढ. रेल्वेचा चढ असल्याने तो सौम्य आहे, पण संपता संपत नाही. त्यात वायव्येकडून येणारा सिएर्सो वारा. तो एब्रोच्या खोऱ्यातून खाली समुद्राकडे वाहतो, म्हणजे नेमका तुमच्या तोंडावर. ज्या दिवशी तो जोरात असतो, त्या दिवशी सपाट रस्त्यावरही चढाचा गिअर लावावा लागतो.

सरळ उपाय म्हणजे आरागॉनच्या बाजूने सुरुवात करणे. एकंदरीत उतार आणि वारा दोन्ही तुमच्या बाजूने राहतात. अडचण एवढीच की तिथल्या आल्कान्यिस या मुख्य गावाला आता प्रवासी रेल्वे नाही. सारागोसाहून ला पुएब्ला दे इहारपर्यंत रेल्वेने येऊन पुढे सायकलने किंवा गाडीने जावे लागते. तोर्तोसाहून सायकलींसह वर सोडणाऱ्या गाड्याही मिळतात, फक्त आधी ठरवून ठेवा. चढानेच जायचं असेल तर दोन दिवस करा आणि निघण्याच्या आदल्या रात्री स्पेनच्या हवामान खात्याच्या अंदाजात वारा बघा. पावसापेक्षा इथे वारा जास्त छळतो.

रेल्वेमार्ग म्हणजेच ग्रॅव्हल, असं समजणं

वाल दे साफानची रेल्वे 1942 मध्ये तोर्तोसाला पोहोचली आणि एक बोगदा ढासळल्यावर 1973 मध्ये बंद पडली. जेमतेम तीस वर्षं चाललेली ही रेल्वे बांधायला मात्र पन्नास वर्षं लागली. स्पेनच्या यादवी युद्धातल्या कैद्यांनाही त्या कामाला जुंपलं होतं. हे माहीत असलं की त्या बोगद्यांतून जाताना वेग आपोआप कमी होतो.

आता हा 'व्हिया व्हेर्दे', म्हणजे सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठीचा मार्ग आहे. पण कातालुन्याच्या बाजूला त्याचा बराच भाग पक्का, डांबरी आहे. खडी आणि मातीसाठी आरागॉनच्या बाजूचा टप्पा घ्या, किंवा क्रेतास, वाल्देरोब्रेस, ला फ्रेस्नेदा, कालासेइते या गावांमधल्या शेतवाटा जोडा.

शेतवाटा निवडताना आणखी एक गफलत होते. नकाशावर 'जीआर' लिहिलेल्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या वाटा पायी चालणाऱ्यांच्या असतात. मार्ग आखणारं ॲप त्या बिनदिक्कत सायकलला सुचवतं आणि तुम्ही दगडी पायऱ्यांवर सायकल खांद्यावर घेऊन उभे राहता. घरीच उपग्रहचित्रावर मार्ग तपासा. दोन चाकोऱ्या स्पष्ट दिसत असतील तर ती ट्रॅक्टरवाट, म्हणजे चालेल. झाडीखाली नाहीशी होणारी एकच बारीक रेघ दिसली तर ती सोडा. गावांची नावं दोन भाषांत सापडतात, तीही लक्षात असू द्या : बेसेइते आणि बेसेइत, वाल्देरोब्रेस आणि वाल-दे-रोउरेस ही एकच गावं आहेत.

बोगद्यात मोबाइलच्या टॉर्चवर भिस्त

वाल्देआल्गोर्फाचा बोगदा दोन किलोमीटरहून लांब आणि सरळसोट आहे. आत दिवे नाहीत. पुढे आर्नेस ते बेनिफायेत बोगद्यांची रांगच लागते. काहींत दिवे बसवले आहेत, पण ते चालू असतीलच असं नाही. हँडलला घट्ट बसणारा, रस्ता दिसेल असा पुढचा दिवा आणि मागे लाल दिवा हवाच. उन्हातून आत शिरताना काळा चष्मा काढा आणि डोळे सरावेपर्यंत हळू चला. समोरून चालत येणाऱ्या माणसाकडे दिवा नसतो.

भाड्याच्या सायकलचे ब्रेक न तपासता निघणं

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी ही सगळ्यात धोक्याची चूक आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. भारतात साधारणपणे उजव्या हातात पुढचा ब्रेक असतो. स्पेनमध्ये बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हातात असतो. पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं चालवलेल्या हाताला सवय असते ती डावा दाबला की मागचं चाक थांबण्याची. खडीच्या उतारावर, वळणावर, घाबरून डावा ब्रेक करकचून दाबलात की पुढचं चाक घसरतं आणि माणूस थेट खांद्यावर पडतो.

दुकानातच विचारा आणि ब्रेक अदलाबदल करून द्यायला सांगा. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर ते काम पाच मिनिटांत होत नाही, म्हणून आरक्षण करतानाच कळवा. नाहीच जमलं तर पहिला तासभर सपाट जागी दोन्ही ब्रेक एकत्र, हलके दाबत चालवा आणि डाव्या ब्रेकवर रंगीत चिकटपट्टी लावा. वाहतूक उजव्या बाजूने असते, आणि गावाबाहेर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे.

पावसानंतर लगेच मातीत उतरणं

या भागातली चिकणमाती कोरडी असताना रस्त्यासारखी टणक असते. जोरदार सर आली की तीच माती टायरला थरावर थर चिकटत जाते. चाक आणि फ्रेम यांमधली फट भरते, चाक फिरेनासं होतं. इथे माणूस जोर लावून पेडल मारतो आणि खरं नुकसान तेव्हा होतं. मातीचा गोळा डिरेलरमध्ये, म्हणजे गिअर बदलणाऱ्या मागच्या यंत्रणेत, ओढला जातो, डिरेलर फ्रेमला जोडणारा हँगर वाकतो किंवा तुटतो, कधी डिरेलर थेट आऱ्यांत जातो.

चाक जड झालं की ताबडतोब उतरा. सायकल ढकलू नका, ढकलतानाही माती चढतच राहते. उचलून वाटेच्या कडेच्या गवतावर घ्या आणि काठीने आधी फ्रेमची फट, मग डिरेलरची चाकं मोकळी करा. पाण्याची बाटली त्यावर रिकामी करू नका, ते पाणी तुम्हाला लागणार आहे. मग जवळचा डांबरी रस्ता गाठा. ऊन आणि वारा असेल तर बहुतेक वाटा दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवण्याजोग्या होतात. आपल्या सायकलच्या मॉडेलचा जादा हँगर सोबत ठेवा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि इथल्या खेड्यांत मिळत नाही. आल्कान्यिस आणि तोर्तोसा सोडलं तर सायकलचं दुकान सापडेल असं गृहीतच धरू नका.

शरद ऋतूतल्या पावसाची गोष्ट आणखी गंभीर आहे. भूमध्य किनाऱ्याजवळ काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस पडतो आणि कोरडे ओढे भिंतीसारखं पाणी घेऊन येतात. 29 ऑक्टोबर 2024 रोजी वालेन्सिया भागात अशाच पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर ओढ्यांतून जाणारा मार्ग रद्द करा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर घोट्याइतकं दिसलं तरी सायकल घालू नका.

पंक्चरकडे दुर्लक्ष

सोलापूर-नगरकडच्या माळरानावर ज्याला आपण सराटा किंवा गोखरू म्हणतो, तोच काटा इथेही वाटांच्या कडेला असतो. 40 ते 45 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर घ्या आणि आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, ताजं आहे ना, ते हलवून बघा. उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं. काटा दिसला तर काढा, भोक खाली येईल असं चाक फिरवा, थांबा, हवा भरा. तरीही ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी टायरच्या आतून फडकं फिरवून उरलेले काटे काढा. नाहीतर नवी ट्यूब दहा मिनिटांत जाते.

दुपार कशी असते ते न ओळखणं

आपल्याला वाटतं, बारा ते तीन सावलीत बसू आणि चारला निघू. स्पेनचं घड्याळ सूर्याच्या पुढे आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो तो दोनच्या सुमाराला आणि उकाड्याचा कळस असतो चार ते सहा. म्हणजे ज्या वेळी तुम्ही निघता, तीच सगळ्यात वाईट वेळ. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे उजाडताच निघा आणि बारापर्यंत मुक्काम गाठा. खरं तर ते महिने टाळलेलेच बरे. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत आणि मग ऑक्टोबर, हा इथला खरा हंगाम. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि सहाच्या सुमारालाच सूर्य मावळतो, हे मात्र लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात आगीचीही धास्ती असते. 2009 च्या जुलैमध्ये ओर्ता दे सांत जोआनजवळच्या वणव्यात पाच अग्निशमन जवान गेले. धोक्याची पातळी सर्वोच्च असली की डोंगरात प्रवेश बंद करतात. तसा फलक दिसला की परत फिरा. स्टोव्ह पेटवायचा विचारही नको.

दुपारी दोनला दुकानं बंद होतात ती पाचपर्यंत. रविवारी दुपारनंतर किराणा मिळणं कठीण. जेवण साधारण दीड ते साडेतीन, रात्री साडेआठच्या आधी स्वयंपाकघर उघडत नाही. सकाळी निघतानाच पाव, चीज, फळं घ्या. शाकाहारी असाल तर सॅलड मागवताना 'सिन आतून', म्हणजे ट्यूनाशिवाय, असं सांगा. नाहीतर हिरव्या पानांवर मासा येतो. डाळीतही बहुधा सॉसेज असतं. टोमॅटो चोळलेला पाव आणि बटाट्याचं ऑम्लेट बहुतेक ठिकाणी मिळतं, अंडं चालत असेल तर.

पाणी प्रत्येक गावाच्या कारंज्यावर भरा. 'नो पोताब्ले' असा फलक असेल तर ते पिऊ नका. दोन गावांमध्ये ओसाड स्थानकं लागतात, तिथे नळ असेलच असं नाही. उन्हात माणशी तीन लिटर जवळ हवं.

कुत्रे आणि शिकारी

मेंढ्यांच्या कळपाबरोबर मोठे मास्तीन कुत्रे असतात. ते कळप राखतात, तुमचा पाठलाग करायचा त्यांचा बेत नसतो. वेग वाढवून पळ काढलात तर मात्र ते नक्की मागे लागतात. लांबूनच उतरा, सायकल मध्ये ठेवा, शांत आवाजात बोलत कळपाला वळसा घाला. मेंढपाळ दिसला तर त्याला हाक मारा.

ऑक्टोबरपासून थंडीभर शनिवार-रविवारी रानडुकरांची शिकार चालते. वाटेवर 'बातीदा' असा फलक दिसला की त्या दिवशी ती वाट सोडायची, कितीही आडवळण पडलं तरी. भडक रंगाचा शर्ट किंवा जॅकेट घाला. घळींत मोबाइलला रेंज जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या. अपघात झालाच तर रेंज मिळेल त्या उंचवट्यावर येऊन 112 लावा आणि जवळच्या गावाच्या नावासोबत नकाशावरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा.