मिरजेत नवीन आलाय? सणावाराचं थोडं सांगतो

मी मूळचा खेडचा, कोकणी मुसलमान, नोकरीनिमित्त मिरजेत आलो त्याला १८ वर्षं झाली. दरवर्षी आपल्याकडचं एखादं तरी घर इथं नवीन येतं आणि पहिल्याच सणाला बावरतं, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

आधी नमाजाचं. आपण शाफई, इथं बहुतेक मशिदी हनफी, म्हणजे सुन्नींच्याच धर्मशास्त्राच्या दोन वेगळ्या परंपरा. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची अजान आपल्या हिशोबानं बरीच उशिरा होते. ईदच्या नमाजात आपल्याकडं जादा तकबीर, म्हणजे 'अल्लाहु अकबर' म्हणणं, पहिल्या रकातीत (नमाजाच्या फेरीत) सात आणि दुसरीत पाच, इथं तीन-तीन, आणि दुसरीतल्या तीन किरात (कुराणपठण) झाल्यावर, रुकूच्या (कमरेत वाकण्याच्या) आधी. इमामामागं निवांत चला, गडबडू नका.

खरा फरक मोहरमला कळतो. आमच्या घरी मोहरम म्हणजे आशुऱ्याचा (मोहरमच्या दहाव्या दिवसाचा) रोजा आणि दुवा, बस. इथं तो अख्ख्या गावाचा सण आहे. चंद्र दिसला की सणाची सुरुवात म्हणून जमिनीत कुदळ मारतात, मग पंजे, म्हणजे काठीवरचे हाताच्या आकाराचे धातूचे निशाण, बसतात, लोक त्याला 'पीर बसले' म्हणतात, आणि काही गावांत तर मुसलमानाचं एक घर नसताना पीर बसतात. पहिल्या वर्षी आमच्या गल्लीत सवारी (पंजांची मिरवणूक) आली तेव्हा शेजारच्या आक्का कळशी घेऊन पुढं झाल्या, पंजा धरलेल्या पोराच्या पायावर पाणी ओतलं, नारळ दिला, ऊद घातला आणि जाताना आमच्या हातावर चोंग्याचा तुकडा ठेवला, चोंगे म्हणजे कणकेचे, गुळाचे, वर नक्षी उठवलेले, मोहरमलाच करतात. मी आजही पंजापुढं नवस बोलत नाही, ते माझ्या शिकवणीत बसत नाही, आणि त्यावरनं इतक्या वर्षांत मला कुणी टोकलं नाही. पण दार लावून आत बसू नका, दारात उभं राहा, सलाम करा, चोंगा घ्या.

जमलं तर दहाव्या दिवशी विट्याच्या पुढं कडेगावला जा. तिथले ताबूत, म्हणजे इमाम हुसेनच्या कबरीच्या प्रतिकृती, बांबूचे, इमारतीएवढे उंच, आणि बांधायची पद्धत अशी की आधी कळस मग पाया, वरचा मजला उचलत खाली पुढचा जोडत जातात. त्यातले काही ताबूत हिंदू घराण्यांचे आहेत. दोन ताबूत भेटीला समोरासमोर येतात तेव्हा खांदा देणाऱ्यांत कोण कुठला हे ओळखूच येत नाही, माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

मिरजेत राहताय तर मिरासाहेब या सूफी पीरांच्या दर्ग्याचा उरूस चुकवू नका. पहिला मानाचा गलेफ (कबरीवर चढवायची चादर) चर्मकार समाजाचा असतो. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची कबर याच दर्ग्यात आहे, उरसात रात्रभर गाणं चालतं, चादर अंथरून बसायचं आणि ऐकायचं.

बकरी ईदचं एकच सांगतो. २०२३ ला ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, २९ जूनला आली होती, तेव्हा आम्ही नमाज पढून घरी आलो आणि कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. ईदचा दिवस आणि पुढचे दोन दिवस कुर्बानी चालतेच की. पुढं परत असा योग आला तर आधी गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा, ते काय ठरवतात बघा, आणि त्या दिवशी आक्कांकडं शिरखुर्म्याचा डबा नेऊ नका, त्यांचा उपास असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी न्या.