‘पंचगंगा ४३ फुटांवर गेली, आता काय करणार?’ : वृद्ध रुग्णाचं तारतम्य कसं तपासावं

स्मृतीच्या चाचणीत ३० पैकी २८ गुण, आणि त्याच आजोबांनी आदल्या आठवड्यात फोनवरच्या अनोळखी माणसाला ओटीपी सांगून टाकलेला. कोल्हापुरात वृद्धांच्या मानसशास्त्रीय तपासण्या करताना मला अशी माणसं नेहमी भेटतात. तारीख, वार, तीन शब्दांची आठवण यातून व्यवहारातलं तारतम्य कळत नाही. ते मेंदूच्या पुढच्या भागावर फार अवलंबून असतं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजत जाणाऱ्या आजारात, तर सुरुवातीला बहुतेकदा स्मृती बरी असते आणि तारतम्य आधी ढळतं. म्हणून वॉर्डातल्या सिस्टर, नवे डॉक्टर, समाजसेवा अधीक्षक, सगळ्यांनी हे वेगळं तपासायला शिकावं असं मला मनापासून वाटतं.

आधी चष्मा आणि कानाचं यंत्र आहे का बघा. ताप, लघवीचा संसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर कमी झालेली असेल, ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर तपासणी पुढे ढकला. त्या गोंधळात कुणाचंच डोकं ताळ्यावर नसतं. बी-१२, थायरॉइड आणि नैराश्य यांचाही विचार झालेला असू दे. नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवा. मुलगा शेजारी असला की आजी उत्तरासाठी त्याच्याच तोंडाकडे बघतात.

अमेरिकेत २००७ साली व्यवहारातलं तारतम्य तपासणारी ‘टॉप-जे’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. सुरक्षितता, औषधोपचार, पैसा आणि माणसांशी वागणं ही तिची क्षेत्रं आपल्यालाही उपयोगी आहेत. पण प्रश्न तिथल्या आयुष्यातले आहेत. नुसतं भाषांतर करून तिथले गुण इथे लावू नयेत. गप्पांतून विचारायचे प्रश्न इथलेच हवेत.

मी पेठेतल्या माणसाला विचारते, “समजा, भोंग्यावरनं सांगत आलेत की राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ४३ फुटांवर गेलंय. तुम्ही काय करणार?” ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथे पोरासोरांनाही पाठ असतं. कुणी म्हणतं, गोळ्या आणि कागदपत्रं घेऊन लेकीकडं कळंब्याला जाणार. ते सोपं झालं. पण कुणी म्हणतं, “न्हाई हलायचो. एकोणीसला बी पाणी पायरीच्या खालीच राहिलं हुतं.” इथे घाईने शून्य गुण देऊ नका. २०१९ चा पूर त्यांनी डोळ्यांनी बघितलाय, त्यांच्या म्हणण्यामागे कारण आहे. शांतपणे पुढचं विचारा, “आणि या वेळी पायरीला लागलं तर?” “मग काय, जायाचंच की” असं आलं, तर परिस्थिती बदलली की निर्णय बदलतोय, म्हणजे तारतम्य शाबूत आहे. पाणी उंबऱ्यात आलं, लाईट गेली, शेजारी निघाले, तरी तेच एक उत्तर येत राहिलं, तर काळजीचं आहे. “अंबाबाई बघून घेईल” हे उत्तर चुकीचं धरू नका, “आणि तुम्ही?” एवढंच विचारून थांबा. उत्तर सुचवू नका, मान डोलावू नका. शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या, कोल्हापुरी बोलीसकट.

बाकीचे प्रश्नही असेच विचारायचे. सकाळची शुगरची गोळी घेतली की नाही आठवत नाही, तर? घरात गॅसचा वास आला तर? बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला तर?

मात्र तोंडी उत्तर उत्तम आणि वागणं भलतंच, असं बरेचदा होतं. म्हणून हातात काम द्या. चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं देऊन दोन दिवसांच्या गोळ्या वेगळ्या करायला लावा. लाईट बिल देऊन शेवटची तारीख शोधायला सांगा. मग घरच्यांना गेल्या महिन्यातले प्रसंग विचारा. “त्यांना काही कळत नाही” हे मत झालं. “दूध दोनदा करपलं, बिल तीनदा भरलं” ही माहिती झाली.

घरच्यांचं म्हणणं तपासूनच घ्या. आईने ऊसाच्या रानात लेकीला वाटा द्यायचं ठरवलं की मुलाला अचानक आईचं डोकं फिरल्यासारखं वाटू लागतं. मी आईलाच विचारते: का देताय, त्याने काय होईल, मुलगा काय म्हणेल? ती हे सगळं सांगू शकत असेल, तर निर्णय तिचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ उपचारांबाबत हेच म्हणतो: निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही.

अहवालात ‘निर्णयक्षमता कमी’ एवढंच खरडू नका. कशात ठीक, कशात धोका आणि कुणी काय करायचं ते लिहा: घरातली सुरक्षितता ठीक, गोळ्या लावताना चुका, सुनेने दर रविवारी गोळ्यांचा डबा भरावा, फोनवरच्या व्यवहारात धोका, मोठी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. तो अहवाल घरच्यांच्या हाती देण्याआधी रुग्णाला वाचून दाखवा, आणि त्यावर ते काय म्हणाले तेही खाली लिहा.